डोक्याच्या मापात न बसलेला युरोप

विल्यम रिप्ली हा मुळात अर्थशास्त्राचा माणूस. एमआयटीत शिकवायचा, पुढे हार्वर्डला गेला आणि अमेरिकन रेल्वे कंपन्यांच्या कारभारावर लिहून त्याने नाव कमावलं. पण १८९९ साली त्याने एक भलताच जाडजूड ग्रंथ काढला, ‘द रेसेस ऑफ युरोप’. युरोपातले गोरे लोक वरवर एकसारखे दिसले तरी त्यांचे तीन वेगळे वंश आहेत, असं त्याचं म्हणणं. उत्तरेला उंच, सोनेरी केसांचे, लांब डोक्याचे ट्यूटॉनिक. मधल्या डोंगराळ पट्ट्यात बुटके-मध्यम, दणकट, गोल डोक्याचे अल्पाइन. आणि दक्षिणेच्या किनाऱ्यांवर सडपातळ, काळ्या केसांचे, पुन्हा लांब डोक्याचे मेडिटरेनियन.

पुस्तकात छायाचित्रं हवीतच. अस्सल अल्पाइन माणसाचा फोटो मिळावा म्हणून रिप्लीने जर्मनीतल्या बाडेन प्रांताच्या ओटो आमोनला विचारलं. आमोन हा या विषयातला नावाजलेला गडी. सैन्यभरतीला आलेल्या हजारो तरुणांची डोकी त्याने स्वतः मोजली होती. त्याच्याकडून उत्तर आलं की सगळ्या लक्षणांत चोख बसेल असा एकही नमुना हाती लागलेला नाही. डोकं गोल निघालं तर केस सोनेरी, केस काळे असले तर उंची जास्त, उंची बरोबर असली तर नाक नको तितकं निमुळतं. हजारो माणसांत एकही नाही!

रिप्लीचा प्रामाणिकपणा असा, की त्याने ही हकिकत लपवली नाही, आपल्याच पुस्तकात छापून टाकली. तरी वंश तीनच, यावर मात्र तो ठाम राहिला. त्याचं स्पष्टीकरण साधारण असं होतं: शतकानुशतकांच्या सरमिसळीमुळे शुद्ध माणूस आता सापडत नाही, पण म्हणून वंश नव्हतेच असं कसं म्हणायचं? लक्षणं सुटी करून पुन्हा जुळवली की मूळ वंश कागदावर उभा करता येतो. ही पळवाट नीट लक्षात ठेवावी. पुढची चाळीस वर्षं या शास्त्राने तिचाच आधार घेतला. मोजमाप जुळलं तर वंश सिद्ध, नाही जुळलं तर सरमिसळ सिद्ध. वंश खोटा ठरण्याची सोयच ठेवलेली नव्हती.

मुळात युरोपची अशी फाळणी करायची गरज का पडली? अठराव्या शतकात ती नव्हती. लिनियसने १७५८ मध्ये माणसाचे चार भाग पाडले, त्यात सगळा युरोप एका खान्यात. जर्मनीत ग्योटिंगेनच्या ब्लूमेनबाखने १७९५ मध्ये पाच प्रकार केले आणि युरोपीयांना ‘कॉकेशियन’ हे नाव दिलं. कारण काय, तर त्याच्या संग्रहात जॉर्जियातल्या एका स्त्रीची कवटी होती आणि ती त्याला सगळ्यांत सुंदर वाटली. एका कवटीच्या देखणेपणावरून निम्म्या जगाचं नाव पडलं. ब्लूमेनबाख स्वतः मात्र बजावून सांगत होता की हे प्रकार एकमेकांत मिसळत जातात, मध्ये कुठेही ठाम रेघ मारता येत नाही. नाव टिकलं, बजावणं विसरलं गेलं.

एकोणिसाव्या शतकात युरोपात राष्ट्रवादाचं वारं सुटलं. फ्रेंच वेगळे, जर्मन वेगळे, हे भाषेने सिद्ध होतंच. ते रक्ताने आणि हाडांनीही सिद्ध व्हावं असं अनेकांना वाटू लागलं. त्यासाठी हवं ते हत्यार स्वीडनच्या आंदेर्श रेट्सियस या शरीरशास्त्रज्ञाने १८४२ च्या सुमारास पुरवलं.

हे हत्यार इतकं सोपं आहे की घरबसल्या वापरता येईल. दोन भुवयांच्या मधल्या उंचवट्यापासून डोक्याच्या मागच्या सगळ्यांत बाहेर आलेल्या बिंदूपर्यंत लांबी घ्यायची. मग कानांच्या वर, जिथे डोकं सगळ्यांत रुंद असेल तिथे रुंदी घ्यायची. टेपने नव्हे, वाकड्या पायांच्या कॅलिपरने, कारण वक्र नाही, सरळ अंतर हवं असतं. रुंदीला शंभराने गुणून लांबीने भागायचं. डोकं १९ सेंटिमीटर लांब आणि १५ रुंद असेल तर उत्तर येतं ७९ च्या आसपास. हा झाला शीर्षनिर्देशांक. ढोबळ मानाने ७५ च्या खाली लांब डोकं, ८० च्या वर गोल, मधलं मध्यम. एवढ्या भागाकारावर पुढची शंभर वर्षं ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले गेले.

रेट्सियसच्या गणितात स्वीडिश लोक लांब डोक्याच्या गटात आले; शेजारचे लॅप आणि फिन गोल डोक्याच्या. लांब डोकं म्हणजे पुढारलेलं, ही समजूत लवकरच रुळली. अडचण एकच होती. आफ्रिकेतल्या अनेक जमातींची आणि ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांची डोकी स्वीडिशांइतकीच, किंबहुना त्यांच्याहूनही लांब निघत होती. मग लांबी कुठल्या बाजूने वाढली आहे, पुढून की मागून, असा नवा प्रश्न उकरून काढण्यात आला. आधी ठरलेल्या उत्तराकडे नेईल असं माप सापडेपर्यंत मापं बदलत राहायचं, ही खोड या शास्त्राला अगदी बाळपणापासून होती.

कोणाचं डोकं चांगलं, याचा निकाल बहुधा मोजणाऱ्याच्या पासपोर्टवर अवलंबून असे. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने पॅरिसला वेढा घातला, तोफांचे गोळे तिथल्या निसर्गेतिहास संग्रहालयावरही पडले. तिथला प्राध्यापक आर्मां द कात्रफाज चिडला आणि १८७१ मध्येच त्याने ‘प्रशियन वंश’ या विषयावर पुस्तक लिहून टाकलं. प्रशियन हे खरे जर्मन नव्हेतच, ते फिन आणि स्लाव्ह यांची पैदास, म्हणूनच इतके रानटी, हा त्याचा सिद्धांत. संग्रहालयावर पडलेल्या गोळ्याचा सूड कवटीशास्त्राने घेतला, असं म्हणायला हरकत नाही.

जर्मनीत याने संताप उसळला. रुडॉल्फ फिर्खो हा त्या काळातला नामांकित वैद्यक संशोधक आणि उदारमतवादी पुढारी. त्याने शांतपणे सांगितलं, मोजून बघू. सैनिकांची डोकी मोजायला लष्कराची परवानगी मिळेना, म्हणून शाळांकडे मोर्चा वळला. शिक्षकांनी वर्गातल्या प्रत्येक मुलाचे केस, डोळे आणि कातडीचा रंग टिपायचा. अशी थोडीथोडकी नव्हेत, ६७ लाखांवर मुलं नोंदली गेली. काही भागांत तर भलतीच आवई उठली, की राजा तुर्कस्तानच्या सुलतानाशी पत्त्यांत हरला आहे आणि आता सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची पोरं त्याला पाठवायची आहेत. आया धावत शाळेत आल्या आणि मुलांना घेऊन गेल्या.

१८८६ मध्ये छापलेला निकाल मात्र आवईपेक्षा रंजक होता. गोरी कातडी, सोनेरी केस, निळे डोळे ही तिन्ही लक्षणं एकत्र असलेली मुलं एक तृतीयांशही भरली नाहीत. निम्म्याहून जास्त मुलं सरळ मिश्र. ज्यू मुलांची गणना वेगळी केली होती. त्यांतही साधारण नऊतलं एक मूल सोनेरी केसांचं, निळ्या डोळ्यांचं निघालं. ज्याला ‘जर्मन रूप’ म्हणत होते ते बहुसंख्य जर्मनांकडे नव्हतं आणि काही ज्यूंकडे होतं. फिर्खोच्या लेखी वाद मिटला. पण शाळेच्या पटावर ज्यू मुलांना वेगळं उभं करून मोजणं, ही कल्पना मात्र त्या पाहणीतून घराघरांत पोहोचली. आकड्यांनी भेद पुसला आणि मोजण्याच्या रीतीने तो ठसवला. या सगळ्या इतिहासात मला हीच गोष्ट सर्वांत जास्त टोचते.

इटलीत ज्युझेप्पे सेर्जी हा वेगळंच सांगत होता. युरोपची संस्कृती घडवली ती मेडिटरेनियन वंशाने; उत्तरेकडून आलेले आर्य हे रानटी लोक, त्यांनी बनवण्यापेक्षा बिघडवलंच जास्त. सेर्जी रोमला शिकवत होता, हे सांगायला नकोच. फ्रान्समध्ये व्हाशे द लापूज लांब डोक्याच्या ‘होमो युरोपियस’ची आरती ओवाळत होता आणि आपल्याच देशबांधवांतल्या गोल डोक्याच्या शेतकऱ्यांना जन्मजात गुलाम ठरवत होता. पुढच्या शतकात शीर्षनिर्देशांकातल्या एखाद-दुसऱ्या अंशासाठी लाखो माणसं एकमेकांचे गळे कापतील, असं भाकीत त्याने १८८७ च्या सुमारास केलं होतं. त्याची बाकीची विधानं खोटी ठरली, नेमकं हे ठरलं नाही.

इंग्लंडचा जॉन बेडो हा ब्रिस्टलचा डॉक्टर. याची पद्धत सर्वांत साधी. तळहातात मावेल असं रेघा मारलेलं कार्ड घेऊन तो बाजारात, रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या केसांचा, डोळ्यांचा रंग टिपायचा. लोकांना पत्ताही लागत नसे. १८८५ मध्ये ‘द रेसेस ऑफ ब्रिटन’ मध्ये त्याने ‘काळपटपणाचा निर्देशांक’ मांडला. गडद तपकिरी केसांची संख्या घ्यायची, त्यात काळ्या केसांची दुप्पट मिळवायची, मग तांबड्या आणि सोनेरी केसांची संख्या वजा करायची. काळे केस दुप्पट धरल्यामुळे आयर्लंड आणि वेल्सचा आकडा आपोआप फुगला. आयरिश माणूस मुळातच हलका, असं आधीपासून मानणाऱ्या इंग्रजांना हे आयतं कोलीत मिळालं.

वंश नक्की किती, हेही ठरेना. पॅरिसच्या संग्रहालयाचा ग्रंथपाल जोसेफ देनिकेर याने १९०० च्या सुमारास युरोपचे सहा मुख्य आणि चार दुय्यम, असे दहा वंश सांगितले. ‘नॉर्डिक’ हे नाव त्यानेच रूढ केलं. रिप्लीचं आणि त्याचं जाहीर भांडण झालं. तीन की दहा? दोघांकडे माहितीचा ढीग जवळपास सारखाच होता. एकाच माहितीतून एकाला तीन आणि दुसऱ्याला दहा वंश दिसत असतील, तर ते माहितीत नसून बघणाऱ्याच्या चष्म्यात आहेत अशी शंका यायला हवी होती. १९३९ मध्ये कार्लटन कून याने रिप्लीच्या पुस्तकाच्याच नावाचं नवं पुस्तक लिहिलं, तेव्हा यादी आणखीनच लांबली.

हे सगळं विद्यापीठांच्या भिंतीआड राहिलं असतं तर आज ते गंमत म्हणून वाचलं असतं. ते अमेरिकेच्या कायद्यात शिरलं.

१८८० नंतर इटली, पोलंड, रशिया या भागांतून लाखो गरीब लोक न्यूयॉर्कच्या बंदरात उतरू लागले. अमेरिकन काँग्रेसने १९०७ मध्ये डिलिंगहॅम आयोग नेमला. आयोगाने ४१ खंडांचा अहवाल दिला. त्यातला एक खंड चक्क वंशांचा शब्दकोश होता, त्यात उत्तर इटालियन आणि दक्षिण इटालियन हे दोन निराळे वंश होते. गंमत म्हणजे याच आयोगासाठी फ्रांझ बोआस या मानवशास्त्रज्ञाने जे संशोधन केलं, त्याने सगळ्या इमारतीचा पायाच हलवला.

बोआस स्वतः जर्मनीतून आलेला ज्यू. त्याने न्यूयॉर्कमधली स्थलांतरित कुटुंबं आणि त्यांची मुलं मिळून १८ हजारांच्या आसपास माणसं मोजून घेतली. एकाच घरातली, युरोपात जन्मलेली आणि अमेरिकेत जन्मलेली भावंडं तपासली. पूर्व युरोपातल्या ज्यूंची डोकी गोल. अमेरिकेत जन्मलेल्या त्यांच्या मुलांची थोडी लांबट निघाली. सिसिलीच्या लोकांची डोकी लांब. त्यांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांची थोडी गोलसर. फरक लहान होते, पण ज्या निर्देशांकाला हजारो वर्षं न बदलणारी वंशाची खूण म्हणत होते, तो एका पिढीत सरकला होता. अलीकडे, २००२ मध्ये काही संशोधकांनी हे आकडे पुन्हा तपासून बोआसवर आक्षेप घेतले. दुसऱ्या गटाने २००३ मध्ये तेच आकडे तपासून मुख्य निष्कर्ष बरोबर असल्याचं दाखवलं. मध्य युरोपातल्या कबरींतून मिळालेल्या कवट्याही तेच सांगतात: मध्ययुगात लांबट असलेली डोकी एकोणिसाव्या शतकापर्यंत त्याच प्रदेशात गोल होत गेली.

आयोगाने बोआसचा अहवाल छापला आणि बाजूला ठेवला. लोकांनी वाचलं ते मॅडिसन ग्रांटचं १९१६ चं पुस्तक, ‘द पासिंग ऑफ द ग्रेट रेस’. ग्रांट हा न्यूयॉर्कचा श्रीमंत वकील, ब्राँक्सचं प्राणिसंग्रहालय उभं करणाऱ्यांपैकी एक. रिप्लीचे तीन वंश उचलून त्याने त्यांची सरळ उतरंड लावली: नॉर्डिक वर, बाकीचे खाली, आणि स्थलांतरामुळे नॉर्डिकांचा ऱ्हास. १९२४ च्या स्थलांतर कायद्याने प्रत्येक देशाला कोटा ठरवून दिला, आणि तो १८९० च्या जनगणनेवरून. म्हणजे दक्षिण आणि पूर्व युरोपातले लोक मोठ्या संख्येने येण्याआधीच्या आकड्यांवरून. पहिल्या महायुद्धाआधी इटलीतून वर्षाला दोन लाखांवर माणसं येत असत. नवा कोटा होता ३,८४५. जर्मनीला मिळाले ५१ हजारांवर.

याच सुमारास एका भारतीयाने हे शास्त्र अमेरिकन न्यायालयात खरं करून पाहिलं. पंजाबचे भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. परदेशातून आलेल्यांत नागरिकत्व फक्त ‘गोऱ्या’ किंवा आफ्रिकी वंशाच्या माणसाला मिळे. १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी अर्जदाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की गोरा म्हणजे कॉकेशियन. थिंड यांचं म्हणणं बिनतोड होतं: तुमचेच मानवशास्त्रज्ञ उत्तर भारतीयांना कॉकेशियन म्हणतात, मग मी गोरा. तीनच महिन्यांत, फेब्रुवारी १९२३ मध्ये, त्याच न्यायालयाने निकाल दिला की शास्त्र काय म्हणतं याला महत्त्व नाही, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो गोरा. शास्त्र सोयीचं होतं तोवर पुरावा. गैरसोयीचं झालं की पुस्तकी पांडित्य. या निकालानंतर आधी नागरिकत्व मिळालेल्या भारतीयांचंही ते काढून घेण्यास सुरुवात झाली. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही तीच वेळ आली. त्यांनी स्वतःचा खटला लढवला आणि १९२६ मध्ये अपील न्यायालयात जिंकला.

जर्मनीत हान्स ग्युंटर याने १९२२ पासून वंशशास्त्राची पुस्तकं खपवायला सुरुवात केली. १९३० मध्ये येना विद्यापीठात त्याच्यासाठी खास पद निर्माण झालं आणि पहिल्या व्याख्यानाला हिटलर येऊन बसला. आदर्श नॉर्डिक कसा, यावर लोकांत विनोद चालायचा: हिटलरसारखा सोनेरी, गोबेल्ससारखा उंच, गोअरिंगसारखा सडपातळ. १९३५ मध्ये न्यूरेंबर्गचे कायदे करायची वेळ आली, तेव्हा ज्यू कोण हे ठरवायला कॅलिपर चाललाच नाही. शेवटी आजी-आजोबा कुठल्या धर्मसमुदायात नोंदले होते, ते दप्तर काढून बघितलं गेलं. रक्ताच्या गप्पा मारणाऱ्या राजवटीला धर्माच्या नोंदवहीचा आधार घ्यावा लागला.

त्याच्या काही वर्षं आधी बर्लिनमध्ये एक मराठी बाई कवट्या मोजत होत्या. इरावती कर्वे. मुंबईत समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांच्या हाताखाली चित्पावनांवर प्रबंध लिहून त्या जर्मनीला गेल्या आणि ऑयगेन फिशर याच्या कैझर विल्हेल्म संस्थेत दाखल झाल्या. फिशर हा वंशशुद्धीवाद्यांचा म्होरक्या. १९३३ मध्ये तो बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू झाला. इरावतीबाईंना काम मिळालं ते कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचं. युरोपीयांच्या मेंदूची उजवी बाजू अधिक वाढलेली असते, म्हणून त्यांची कवटी अधिक असमान असते आणि त्यांची बुद्धी श्रेष्ठ, हे फिशरला सिद्ध करून हवं होतं. बाईंनी युरोपीय आणि युरोपाबाहेरच्या लोकांच्या मिळून १४९ कवट्या मोजल्या. असमानता होती, पण तिचा वंशाशी काही संबंध दिसेना. गुरूला काय हवं आहे हे पुरतं माहीत असताना, परक्या देशात, पंचविशीच्या आतबाहेर असलेल्या त्या मुलीने प्रबंधात तसंच लिहिलं. त्यांचं ‘युगान्त’ हे पुस्तक सगळ्यांनी वाचलेलं असतं. हा प्रबंधही त्यांच्या नावापुढे आवर्जून सांगायला हवा.

युरोपातलं हे खूळ आपल्याकडे हर्बर्ट रिस्ली या आयसीएस अधिकाऱ्याने आणलं. त्याने डोक्याऐवजी नाकाला महत्त्व दिलं आणि नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असा नियम सांगितला. महाराष्ट्रातले ब्राह्मण आणि कुणबी त्याने ‘सिथो-द्रविड’ या एकाच खान्यात टाकले. मराठ्यांची लांब पल्ल्याची घोडदौड आणि गनिमी कावा हा शकांचा वारसा असावा, असा तर्कही लढवला. घुर्ये यांनी १९३२ मध्ये या मांडणीचे वाभाडे काढले. पुढे १९४८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात नाकांचे तेच आकडे हाती घेऊन उलटवले: हे शास्त्र खरं मानायचं असेल तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, असं त्यांनी दाखवून दिलं.

आज प्राचीन हाडांतून डीएनए काढता येतो. २०१५ पासून पुढे आलेलं चित्र असं, की बहुतेक युरोपीय हे तीन गटांच्या मिश्रणातून आले: जुने शिकारी, सुमारे साडेआठ हजार वर्षांपूर्वी आजच्या तुर्कस्तानातून आलेले शेतकरी आणि सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी काळ्या समुद्राच्या उत्तरेच्या गवताळ पट्ट्यातून आलेले पशुपालक. स्पेनपासून स्वीडनपर्यंत तिघेही आहेत, प्रमाण तेवढं वेगळं. रिप्लीचे तीन वंश म्हणजे हे तीन गट, असं काही हौशी लोक आता इंटरनेटवर जुळवू पाहतात; ते अजिबात जुळत नाही. स्पेनमध्ये सापडलेल्या सात हजार वर्षांपूर्वीच्या एका शिकाऱ्याचे डोळे निळे आणि कातडी काळी होती, असं त्याची जनुकं सांगतात. ग्रांटच्या तक्त्यात या माणसाला जागाच नाही.

विद्यापीठांतून हे वर्गीकरण दुसऱ्या महायुद्धानंतर झपाट्याने गेलं. युनेस्कोने १९५० मध्ये वंशवादाविरुद्ध निवेदन काढलं. कायद्यातून जायला मात्र वेळ लागला. १९४६ मध्ये अमेरिकेने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क दिला, पण भारताचा कोटा ठेवला वर्षाला १०० माणसांचा. १९२४ ची कोटापद्धत मोडली ती थेट ३ ऑक्टोबर १९६५ ला, लिंडन जॉन्सनने नव्या कायद्यावर सही केली तेव्हा. अमेरिकेत आज गावोगावी जी मराठी डॉक्टर-इंजिनिअर मंडळी दिसतात, ती जवळपास सगळी या सहीनंतर गेलेली आहेत.